डास

मेश्त एव्हारिस्त रेबेलोंच्या घरी, कुडतरीला,
मी स्वरलिपी उतरवायला जायचो.
पानाला आठ आणे, वर चहा.
ते पियानोवर, तोंडात सिगारेट,
राख काळ्या पट्ट्यांवर.
त्यांच्या बँडचं नाव पार नैरोबीपर्यंत,
मी मात्र पाच रेघांच्या आत.

एका रात्री दुसऱ्या ट्रम्पेटच्या पानावर
डास बसला. मारला.
रक्त बहुधा माझंच.
दोन रेघांच्या मधोमध वाळलं,
गोल, नेटकं,
माझ्या अक्षरापेक्षा बरं.

मडगावच्या क्लबात त्या शनिवारी
इनासने तो डास वाजवला.
नाचणाऱ्यांचे पाय क्षणभर हवेतच.
मेश्तांचा हात थांबला नाही.
नंतर पान दिव्यापाशी धरून म्हणाले,
"मेलाय. पण सुरात मेलाय.
राहू दे."

आता त्यांच्या नावाचा रस्ता आहे.
फलकावर आडनाव चुकलंय,
निवडणुकीनंतर बदलू म्हणतात.
घर विकलं. पियानोचं काय झालं
कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही.

काल फेस्ताला, इगर्जीच्या पायऱ्यांवर,
पोरांचा बँड उभा होता.
ट्रम्पेटवाल्या मुलीला विचारलं, हे कुणाचं गं?
"आमचंच," म्हणाली. "पहिल्यापासून असंच वाजवतात."
ओठ पुसले तिने, वाद्य उचललं.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी
मी श्वास धरून बसलो.

आला.

नकळत
दंड खाजवला मी.