आंधळी उचल

सोहार बंदर, पहाटेचे चार.
क्रेनच्या काचेच्या खोपटात मी,
खाली जहाजाचं पोट. त्यातलं काही दिसत नाही.
वॉकीटॉकीवर गुल जमानचा घोगरा आवाज:
"आहिस्ता... और... बस."
मी थांबतो. का, ते विचारत नाही.

आणि तू, प्रभू,
तीन शुक्रवार एकच सांगतोयस:
अमोसला फोन कर.
धाकट्याला. ज्यानं बांध कोरला,
आई गेल्याचं मातीनंतर कळवलं.

मी म्हटलं, रेंज नाही.
म्हटलं, आधी पाळकसाहेबांना विचारतो.
म्हटलं, त्यानं करावा की.

पेटी हवेत लटकलीय,
समुद्राकडून वारा.
"थोडा बायें," गुल जमान म्हणतो,
आणि हात आपसूक डावीकडे वळतो
त्याच्या, ज्याचा चेहराही मी नीट पाहिलेला नाही.

संगमनेरात साडेपाच झाले असतील.
तो धार काढायला उठला असेल.