दोन दातांचा पाना

बाबांच्या शेडमध्ये विकत आणलेलं हत्यार एकच:
हातोडा. त्याचाही दांडा चारदा बदललेला.
बाकी सगळं घरचं.

ट्रकच्या तुटक्या पाट्यातून घडवलेला पुलर.
पिस्टनच्या रिंगा आवळून धरायला
हेरिंग माशांचा डबा, उभा कापलेला,
इंजिनाला अजून खारट वास येतो असं आई म्हणायची.
दाढीची तीन पाती एकावर एक धरली
की व्हॉल्व्हची फट मोजून व्हायची,
आणि रविवारी त्यातल्याच एकानं गालावरचं पीक काढायचं.

क्लचची चकती मध्यावर बसवायला
जर्दाळूच्या लाकडाची दांडी.
दुदुक करणाऱ्या सेनेकेरिमनं ती कातून दिली
आणि निव्वळ सवयीनं टोकाशी एक भोक पाडलं.
काम झालं की बाबा ती फुंकून बघत.
वाजली नाही कधी.
ट्रॅक्टर मात्र चालायचा.

लोखंड कुठलं, हे मी लहानपणी विचारलं नाही.
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरानंतर
गुम्रीच्या रस्त्यांवर लोखंडी पलंग पडले होते,
गाद्यांशिवाय, माणसांशिवाय, पिळवटलेले.
बाबा हातगाडी भरभरून आणत राहिले.
वाकलेलं सरळ करायला अख्खा हिवाळा गेला.
बोलले काहीच नाहीत.
ठोकत होते. ते मात्र साऱ्या गल्लीला ऐकू यायचं.

ते गेल्यावर
एकेक खिळा रिकामा करत मी शिकले,
काय कशाला लागतं.
हाताला सगळं समजत गेलं, एक सोडून:
वीतभर पट्टी, दोनदा मुरडलेली,
टोकाला दोन दात, म्हातारीच्या तोंडात उरावेत तसे.
पंपाला लावून पाहिली, गिअरपेटीला लावली,
शेजारच्या मधमाश्यांच्या पेटीलाही.
कुठेच नाही.
वाहे म्हणाला, आई, भंगारात टाक.
मी म्हटलं, खिळा तुझा आहे का?

मग बटाटे काढायच्या आठवड्यात
तिघांनी ढकलत एक गाडी चढावर आणली.
वाटाण्याच्या रंगाची झापोरोझेत्स.
मागून गेघाम, घामाघूम, टोपी दातांत धरून.
चार मिस्त्री बघून गेले, म्हणाला,
सगळे म्हणतात इंजिन उतरवावं लागेल.
माझं लक्ष दाराच्या मुठीकडे.
मुठीवर पितळेचा डाग, मसुराएवढा.
तो डाग पडला तेव्हा दिवा मी धरला होता.

आमचीच गाडी.
काळोखाच्या त्या वर्षी
दोन पोती पिठाला दिलेली.
पीठ फेब्रुवारीत संपलं.

पंख्यामागे, जिथे दोन बोटंही नीट शिरत नाहीत,
एक गोल नट होता, खाचांचा.
मी आत गेले, खिळ्यावरची पट्टी काढली,
न बघताच आत सरकवली.
दात खाचांत बसले.
किती वर्षांनी, ते मोजलं नाही.
नट आधी कुरकुरला, मग ऐकला.

गेघाम म्हणाला, विकतेस?
नाही.
चहा झाला. तो पुन्हा म्हणाला, विकतेस?

मी पट्टी फरशीवर ठेवली,
भोवती खडू फिरवला.
फळीमागे पलंगाचा शेवटचा तुकडा होता, हातभर.
करवत लावली, भट्टीत लाल केला, मुरडला,
दात कानशीनं घासायला घेतले.
गंज निघाला तशी खालून
फिकी निळी रंगाची पुटं निघाली,
आणि पांढऱ्यात, साच्यातून उमटवलेला आकडा:
सतरा.

कोणत्या खोलीतला, कोण झोपायचं,
मुलगा की मुलगी.

कानस थांबवली.
मूठ तिथेच धरली, आकडा हाताखाली येईल अशी,
आणि पुढचं तेवढंच घासलं.

गेघामनं खिशात हात घातला, किती?
म्हटलं, पैसे राहू देत.
उद्या सहाला बटाटे उचलायला ये.
आणि त्या दोघांनाही आण.