पाण्याचं बिल

ग्रीट यानुआरीनं नवऱ्याची हिरवळ उपटून काढली
तो गेल्यावर पुढच्याच महिन्यात.
चाळीस वर्षं पाजलं होतं तिला, कारूच्या उन्हात,
नवसाच्या पोरीसारखं.

शेजारी म्हणाला, अंगणाला टक्कल पडलंय.
पडू दे.

टेकडीवरून तिनं स्पेकबूमच्या फांद्या आणल्या,
नुसत्या खोचल्या.
एक पान चावून पाहिलं:
लहानपणीचंच आंबट.
मग कोरफड लावली, आईच्या दारातली,
जिला तो रानटी म्हणायचा.
कधीकधी ग्रीटलाही.

दुसऱ्या जुलैत, कडाक्याच्या थंडीत,
कोरफडीनं लाल तुरे पेटवले.
शिंजीर आला, पाचूच्या रंगाचा, वाकड्या चोचीचा.
पत्ता कुणी दिला त्याला?

पाण्याचं बिल आलं.
तिनं दोनदा वाचलं,
घडी घालून
त्याच्या फोटोमागे खोचलं.