बापाचा रकाना

ओस्त्रावातल्या तळघरात ओत्मारची सापांची वही:
डावीकडे आई, उजवीकडे बाप,
खाली अंडी किती, फुटली किती,
कितव्या दिवशी पहिली कात.
खाणीत हजेरी मांडायचा
त्याच बसक्या अक्षरात.

एका मार्चमध्ये पाणी चढलं गुडघाभर.
डबे तरंगले, चिठ्ठ्या सुटल्या.
पाणी कूळ विचारत नाही.
केशरी मादीच्या डब्यात
दोन नर सापडले, गारठलेले.
त्या उन्हाळ्यात तिनं चौदा अंडी घातली,
आणि बापाच्या रकान्यात त्यानं
पेन्सिलीनं काढलं प्रश्नचिन्ह.

पुढं रंग फिकटले, पट्टे तुटले,
प्रश्नचिन्ह तेवढं उतरत गेलं
जसंच्या तसं, पणतवंडांपर्यंत.

काल व्हिएन्नाचं गिऱ्हाईक फोनवर म्हणालं,
ब्लाझेनाबाई, तेवढं खोडा.
दुप्पट देतो.
निर्भेळ वंश हवाय.

सासरा जाऊन तीन वर्षं झाली.
खोडरबर माझ्याच खणात असतं.

वही उघडली.
पेन्सिल पुसट झाली होती, आपणहून,
अजून एक हिवाळा, की दिसलीही नसती.
तिच्यावरून शाईचं पेन फिरवलं
आणि उंदीर वितळायला ठेवले
कोमट पाण्यात.