ढीग मोठा असला की

मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत,
बाबालालच्या माळ्यावर गुरुवारी रात्री आम्ही चौघं बसतो.
वाळत टांगलेल्या भोपळ्यांना डोकं लागतं,
म्हणून आधीच सगळे नम्र.
पैसे लावायचे नाहीत, मालनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.
तेव्हापासून चिंचोके. दर माणशी चारशे, मोजून,
आणि डाव सुरू करायला फक्त एक अन् दोन.
खेळ आदगोंडाच्या भाच्यानं पुण्याहून आणला,
दोन पानं आपली, पाच सगळ्यांची.
भाचा परत गेला. खेळ राहिला.

मी सत्तावीस वर्षं दवाखान्यात एक्स-रे काढले.
गल्लीत अजून फोटोवाले म्हणतात.
श्वास रोखा. सोडा. एवढंच बोलायचं काम.

पानांचं मला कळतं ते इतकंच:
राजा-गुलाम, दोन रंगांचे, म्हणजे
सूट शिवून आलेला नवरा, मागं वाजंत्री नाही.
एक्का आणि नश्शीवर आदगोंडा दर गुरुवारी हरतो
आणि दर गुरुवारी म्हणतो, एक्का होता हो.
सत्ती-दुर्री त्यापेक्षा बरी,
टाकताना हात जड होत नाही.

त्या रात्री मला एक्क्यांची जोडी आली.
इस्पिक आणि बदाम.
समोर वीसच चिंचोके असते
तर डोळे मिटून मधे लोटले असते.
वीस चिंचोक्यांत एक्क्यांना गाठायला
कुणाला फुरसत नसते.
चारशे म्हणजे बेळगाव पॅसेंजर.
खिडकीची जागा मिळाली, कबूल,
पण गाडी प्रत्येक स्टेशनात थांबणार
आणि प्रत्येक स्टेशनात कुणीतरी चढणार.

मी आठ ठेवले.
आदगोंडानं उसासा टाकून पानं टाकली, बाबालालनं उसासाही नाही.
मालनबाईंनी आठ मोजले,
औषधाच्या गोळ्या मोजाव्यात तसे, दोन-दोन.

राणी, नश्शी, चव्वी.
माझे पंधरा. त्यांचे पंधरा.
मग दुर्री.
माझे चाळीस.
त्यांनी चष्मा पुसला आणि एकशे तीस केले.

रेघ दिसली होती मला.
केसाएवढी, हाडाच्या कडेला,
फिल्म उजेडावर धरली की दिसते तशी.
पण रिपोर्ट लिहायचा अधिकार मला कधीच नव्हता.
मी सगळे लोटले.

दोन चव्व्या त्यांच्या हातात, तिसरी खाली.
या जोडीवर बाई आठदा गुपचूप सोडून देतात,
नवव्यांदा घर धुऊन नेतात.
आठदा गेलेलं आम्हाला कुणालाच आठवत नाही.

बाबालालनं डोक्यावरच्या भोपळ्याला टिचकी मारली.
"सगळ्यात गोल हाच. तीन वर्षं वाळतोय.
आवाज बसका."
मी म्हटलं, म्हणजे वाकडाच घ्यायचा?
"छे. गोलच घेतो मी. दहातले सात गोलच वाजतात.
फक्त लाकडाचे पैसे त्याच्या जिवावर
उधार आणत नाही."
आदगोंडा म्हणाला, पत्ते वाटा.

मालनबाईंनी पन्नास चिंचोके उसने दिले,
दुकानाच्या पावतीमागं लिहून ठेवले,
तारखेसकट.

पुढची पानं: किलवरची सत्ती, किलवरची अठ्ठी.
खांद्याला खांदा लावलेली, एका आळीतली पोरं.
मघाशी चारशे असताना आली असती
तर चार टाकून बघितलं असतं,
जमली तर कुणाचा तरी अख्खा ढीग उचलला असता.
पन्नासात त्यांना पळायला अंगण नाही.
उपडी करून सरकवली.

मधली पानं उघडायला लागली.
कुणीतरी "अरेरे" म्हणालं, बहुतेक आदगोंडाच.
मी वर भोपळ्यांकडे बघत राहिलो.
श्वास रोखा.
सोडा.