वॉशर

सिनेमातला प्लंबर येतो तो हात हलवत.
ना पिशवी, ना पान्हा,
केस मात्र आत्ताच सेट केलेले.
घरमालक टॉवेलवर. भर दुपारी.
म्हणतो, नळ गळतोय.

मुर्तझा उठूनच बसतो.
बोहरी आळीत तेवीस वर्षं तोट्या विकलेला माणूस:
"अरे, गळतच नाहीये हा!
आणि मेन कॉक आधी बंद करायचा असतो."
बोलून गेल्यावर त्याला कळतं
काय बोललो ते.

"हळू," मी म्हणतो, "खाली ओगले आहेत."
लॅपटॉपचा आवाज दोनवर,
आमचा दहावर.

मला संहितेची काळजी.
कॉलेजच्या एकांकिकेत भाला धरून उभा राहिलेला मी,
सांगतो, बघ, प्रेक्षकांकडे पाठ करून बोलतोय.
"पाठ चांगली आहे," मुर्तझा म्हणतो.
एवढ्यात दारात सोसायटीचा चेअरमन, टाय लावून,
पाण्याची तक्रार घेऊन.
तोही थांबतो.
थकबाकीचं पुढे काय झालं
ते शेवटपर्यंत कळत नाही.

मग एकाचा पाय सोफ्याच्या फटीत अडकतो.
दोघांनाही खरंखुरं हसू फुटतं,
आणि कुणी ते कापलेलं नाही.
तेवढं आम्ही तीनदा बघतो.
बाकीचं राहूनच जातं.

चोविसाव्या वर्षी, नारायण पेठेत, कॉट बेसिसवर,
रूममेट साताऱ्याला गेलेला.
पेपरात गुंडाळून आणलेली सीडी,
मॉनिटरवर चादर, चादरीत मी,
कडी दोनदा तपासलेली.
त्यात गोष्ट नव्हती.
कुणी कुणाशी बोलत नव्हतं.
मला वाटलं, हे असंच असतं,
मुकं आणि घाईत.
श्वाससुद्धा मी बेतानं घेतला होता.
पाय अडकू शकतो,
अडकला तर दुसरा सोडवतो,
हे कुठून कळणार?

सकाळी जिन्यात ओगले:
"काल नाटक लावलं होतं काय? फार हसत होतात."
"हो. विनोदी."
"हल्ली चांगलं विनोदी कुठे येतं हो,"
म्हणत ते दुधाच्या पिशव्या घेऊन आत.

वर आमचा स्वयंपाकघरातला नळ
गणपतीपासून गळतोय.
मुर्तझा रोज म्हणतो, उद्या वॉशर आणतो.
दुकानात त्याच्याकडे चाळीस पेट्या आहेत.