मुरमाची उतरण

सोलापूरला डोंगर नाही,
हे मला सगळ्यांनी सांगून झालंय.
दुकानातल्या पोरानं तर गिअर दाखवता दाखवता विचारलं,
काका, चढणार कुठं? उड्डाणपुलावर?

पण सपाट असं काही नसतं.
ओढा असतो, बांध असतो, बंद पडलेली खाण असते,
कॅनॉलचा भराव असतो,
आणि माळाला अंगचाच एक उतार असतो
जो फक्त पाण्याला कळतो
आणि दमलेल्या मांड्यांना.

अनसूया यमुल टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे.
दिवसभर कापड उजेडावर धरायचं,
तुटलेला धागा दिसला की खडूनं खूण करायची.
एकेचाळिसाव्या वर्षी भिशीच्या पैशातून
तिनं जाड टायरची जुनी सायकल घेतली
आणि मला म्हणाली, दगडातनं चालवायला शिकवा ओ.

तिच्यासाठी वाट शोधत मी तीन रविवार एकटा हिंडलो.
वहीत लिहिलं : इथं वाळू, इथं बाभूळ,
इथं मेंढपाळाची कुत्री, दहाच्या आत येणे.

एवढी काळजी मी पूर्वी घेतली नव्हती.
भाच्याला, सुहासला, पहिल्याच दिवशी
थेट खाणीच्या कडेवर नेलं होतं.
ब्रेक सोड, काही होत नाही, म्हणालो.
आणि खरंच काही झालं नाही,
गुडघा खरचटला तेवढाच.
सायकल अजून बहिणीच्या जिन्याखाली आहे,
हँडलला कांद्याची पिशवी लटकवलेली.

म्हणून अनसूयाला आधी हिप्परगा तलावामागची गाडीवाट.
मऊ माती, दोन चाकोऱ्या, बघायला कोणी नाही.
पहिल्या वाटेवर जमीन पायाला जवळ असावी.
पुढच्या रविवारी तीच वाट, उलटीकडून.
तिला वाटलं नवीनच आहे. मी बोललो नाही.
मग बाभळींमधली वळणं.
तिथं सांगितलं, जिकडं बघाल तिकडं चाक जातं,
खड्ड्याकडं बघू नका.
ती थांबली, घाम पुसला, म्हणाली,
सोळा वर्षं मला दोषच बघायचा पगार मिळतोय,
आता म्हणताय बघू नका.

सहाव्या रविवारी मुरमाची उतरण.
लांबी फार नाही, हाक मारली तर खाली पोचेल एवढी,
मध्ये एक पायरीसारखा दगड.
ती सायकल आडवी ठेवून चालत खाली गेली.
चपलेनं दगड हलवून पाहिला.
वर आली. पुन्हा गेली. मुरूम चिमटीत धरून
उजेडाकडं नेला, कापड धरतात तसा.
माझ्या जिभेवर ते जुनं वाक्य आलं होतं.
कडक भाकरीचा तुकडा मोडला
आणि त्याच्याबरोबर चावून टाकलं.

आज नको ओ, ती म्हणाली.

एवढंच. लाजून नाही, माफी मागत नाही.
माल परत पाठवताना म्हणत असेल तसं.
मग शेंगाचटणी मागितली.

परतताना ती पुढं होती.
माझ्या वहीत नसलेल्या मेंढ्यांच्या पायवाटेला
विचारल्याशिवाय वळली,
एका ओघळीत आडवी झाली,
उठली, ओढणी झटकली,
आणि मी पोचेपर्यंत पलीकडं जाऊन ओरडली,
लिहून घ्या की, ही चांगली हाय!

घरी जाऊन टायरमधले काटे काढले. तिचे अकरा, माझे चौदा.

संध्याकाळी बहिणीकडं गेलो.
चहा होईपर्यंत जिन्याखाली वाकलो,
कांद्याची पिशवी उतरवून भिंतीला टेकवली,
अंगठ्यानं टायर दाबून पाहिला.
हवा नव्हती.
रबर अजून मऊ होतं.
सुहास वरच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसलेला.
मी काही बोललो नाही.
त्यानंही विचारलं नाही,
फक्त पाय थोडे बाजूला घेतले,
मला उजेड यावा म्हणून.